माझ्या नावावरचं रक्त

३ फेब्रुवारी

पाकिटावर नुसतं बापाचं नाव! आत चार छापील पानं, आणि चारही पानांत माझ्यासाठी एक शब्द नाही. मी मेले असं तुला कोणी कळवलं असेल तर त्याचं नाव सांग, मी त्याला जाऊन भेटते. सहा वर्षं तू मला एक अक्षर लिहिलं नाहीस, ते मी गिळलं. पण सहा वर्षांनी टपाल पाठवायचं आणि त्यातून नेमकं म्हातारीला गाळायचं, एवढं मोठं कधी झालं ग तुझं डोकं? त्यातल्या उवा मी काढल्यात.

असो. तुला आशीर्वाद. ते मधल्या काळातही चालू होते, तुला कळवायची गरज वाटली नाही इतकंच.

हे मी माझ्या हाताने लिहितेय. तिसरीत शाळा सुटली, तेव्हा ओळी तिरप्या जाणार आणि तू त्या तिरप्याच वाचायच्या. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू "आईला दे" म्हणतेस. कागदावर तुला तसं म्हणता यायचं नाही.

तुझी पानं तुझ्या बापाने वाचली. उभ्या उभ्या, पिठाच्या हातांनी. त्यात लिहिलंय की बेकऱ्यांत आणि तळणाच्या दुकानांत राबणाऱ्या माणसांचं रक्त तुमच्या प्रयोगशाळेतले लोक पुन्हा नव्याने तपासणार आहेत. त्या रक्तात ते ट्रान्स फॅट किती, आणि पुढच्या वीस वर्षांत हृदयाला धोका किती, याचा मेळ घालायचा आहे. तो हसला. म्हणाला, "आई, माझी परीक्षा मागेच झालीय. पास झालेल्याला परत कोण बसवतं?" आणि पानं घेतली ती बिस्किटांच्या पत्र्यावर अंथरली.

मी ती खालून ओढून काढली. जिथे बिस्किटं होती तिथे कागद आरपार झालाय, पलीकडची अक्षरं अलीकडे दिसतात. खिडकीशी धरून मी बराच वेळ ते बघत बसले. तुझी आई म्हणाली, "काय वाचताय एवढं?" मी म्हटलं, "चष्मा पुसतेय."

सहा वर्षांपूर्वीचा त्याचा रक्ततपासणीचा कागद त्याने काचेत बसवून गल्ल्यामागे टांगलाय, हे तुला आईने सांगितलंच असेल. एखादं गिऱ्हाईक कुरकुरलं, की हल्ली बिस्किटांत कसलं कसलं तूप घालतात, तर तो लाटण्याने काचेकडे दाखवतो. "चाळीस वर्षं हेच खातोय मी. वाचा काय लिहिलंय." लोक वाचतात, मान डोलावतात आणि ठरवलं होतं त्याहून जास्त नेतात.

माझा कागद कपाटात आहे, कपड्यांच्या तळाशी. लाल रेघ कोण टांगतं?

तो बरा आहे. पिठाचं पोतं जिन्याने वर नेताना पूर्वी गाणं म्हणायचा, आता म्हणत नाही. मध्ये दोनदा टेकतो. वजन वाढलंय, दुसरं काय असणार. भट्टीवर अजून काजळ्याच आहे, त्याचं तोंड अजून कोणी धुतलेलं पाहिलं नाही. तुझी चौकशी करतो.

एकच विचारायचं होतं. सहा वर्षांपूर्वीचा कागद आज खरा धरायचा का? उत्तर मला पाठव. पाकिटावर माझं नाव घालून.

तुझी आजी


२२ फेब्रुवारी

याला पत्र म्हणतात? औषधाच्या बाटलीवर याहून जास्त मजकूर असतो. वर "आजी" तरी लिहायचंस, त्याला काही शाई फार लागत नाही.

पण विचारलं त्याचं उत्तर दिलंस, हे खरं. मी ते तीनदा वाचलं. मला समजलं ते असं. चुकत असेन तर सांग. वनस्पती तुपातलं ते ट्रान्स फॅट अंग स्वतः तयार करत नाही, म्हणून रक्तात जेवढं सापडतं तेवढं तोंडावाटेच आत गेलेलं. खाणं बंद केलं की काही आठवड्यांत रक्तातलं उतरतं. पण खात होता त्या वर्षांत नसांच्या आत जे बसलं ते तसं उतरत नाही. म्हणून सहा वर्षांपूर्वीच्या कागदावर आज विसंबू नये. आणि धोका म्हणजे होणारच असं नव्हे. शंभरांत साधारण किती जणांना, हे तुम्हाला सांगता येतं. त्यातला कोण, हे नाही.

हे शेवटचं तू त्या दिवशी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. त्या दिवशी तुला फार घाई होती.

तू विसरली असशील म्हणून लिहिते. विसरली नसशील, तरी लिहिते. कागद आले तेव्हा आपण सगळे टेबलाशी होतो. तूच रक्त घ्यायला लावलं होतंस, म्हणून पाकीट तूच फोडलंस. बापाच्या नावापुढे हिरवी रेघ, माझ्या नावापुढे लाल. तू दोन्ही कागद उलटेपालटे केलेस आणि म्हणालीस, "हे शक्य नाही. पित्ताशय काढल्यापासून आजी तुपाच्या वस्तूला शिवत नाही, आणि बाबांचा तर दिवस मोडक्या मालावर जातो. नळ्या बदलल्यात."

मी म्हटलं, "खाते मी. चोरून खाते."

काय हसले सगळे! तुझी आई तर खुर्चीवरून पडायची बाकी होती. काजळ्या आजही बिस्किटांचा डबा उचलताना मला विचारतो, "आजी, मोजून ठेवू का?" सहा वर्षं मी या घरात बिस्किटं चोरणारी म्हातारी आहे. तू मात्र हसली नाहीस. "आजी, खोटं बोलू नकोस. आजोबा यानेच गेले, आता बाबांनाही..." एवढंच म्हणालीस आणि मी तुझ्या तोंडात मारली. वर म्हणाले, तुझ्या कामातली चूक आमच्या रक्तावर ढकलू नकोस, चालती हो. तू लगेच गेलीस. छत्रीही नेली नाहीस.

माफी मागायला हे लिहीत नाहीये. आजोबांचं नाव तू तसं घ्यायला नको होतंस.

ते कसे गेले तेवढं तुला माहीत आहे, पुढचं नाही. पीठ मळायच्या लाकडी पेटीपाशी गेले, कोपरापर्यंत हात पिठात. वय एक्कावन्न. लोक म्हणाले, नशीबवान, काम करता करता गेला. काजळ्या तेव्हा नवा होता. मला म्हणाला, "या पिठाचं काय करू?" मी म्हटलं, "फुगलंय ना? मग भाज." त्या पिठाचे पाव झाले आणि विकले गेले. मी रडले असेन नंतर, आठवत नाही. पाव चांगले झाले होते ते आठवतं.

आणि ते तूप या घरात कोणी आणलं, हे तुला कोणी सांगितलं नसणार. आजोबा लोण्याचे. पण उन्हाळ्यात लोणी खवट व्हायचं आणि बिस्किटं चार दिवसांत मऊ पडायची. वनस्पती तुपाचा पहिला डबा मी आणला. ते नाही म्हणत होते, मी ऐकलं नाही. पंधरा दिवस ठेवलेलं बिस्किट त्यांच्या कानाशी धरून मोडलं. कट्कन वाजलं. त्यांनी दुसरं मोडायला लावलं. तेही वाजलं. त्या दिवसापासून लोणी बंद. बेकरी उभी राहिली ती त्या आवाजावर, आणि तो आवाज माझा. मोडका माल विकायचा नाही, तो घरचा, हा नियमही माझाच. तुझ्या बापाला मी त्याच तुकड्यांवर वाढवला. खिसे भरलेले असायचे त्याचे. आजही असतात.

हात दुखला. एक विचारते, नुसतं समज म्हणून. एखाद्याचा हिरवा कागद मुळातच खरा नसेल, आणि तो माणूस त्याच्या भरवशावर जगत असेल, तर त्याने कशाकडे लक्ष ठेवायचं? खुणा लिहून पाठव. सोप्या शब्दांत.

तुझी आजी


९ मार्च

तुझ्या बापाची दाढ काढली. चांगली होती.

आठ दिवस डावा जबडा दुखतो म्हणत होता. दातवाल्याकडे गेला. दातवाला म्हणाला, मला काही दिसत नाही. हा म्हणाला, दिसत नसलं तरी दुखतंय, काढा. तुझ्या बापाच्या अंगावर सुई आली तर तो घाबरतो, पण पकड चालते. दाढ पुडीत घालून घरी आणली. मी उजेडात धरून बघितली. ना कीड, ना भेग. नव्या बिस्किटासारखी.

दुसऱ्या दिवशी काजळ्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. तो आपणहून कधी भट्टी सोडत नाही. म्हणाला, "आजी, मालकांना जिन्यात परत दुखलं. जिथे दाढ नाही तिथे. आणि घाम असा, की मी भट्टीपुढे असून मला नाही." तुझं दुसरं पत्र माझ्या उशाखाली होतं. त्यात तू खुणा लिहिल्यास त्यात हे आहे. चढताना छाती भरून येणं, जबडा, खांदा, घाम. थांबलं की बरं वाटणं.

मी त्याला म्हटलं, डॉक्टरकडे चल. "कशाला?" म्हटलं, "मी सांगते म्हणून." तो म्हणाला, "तुझं रक्त लाल रेघेचं, तू जा. मी सोबत येतो."

कोपऱ्यावरचा डॉक्टर रोज पाव न्यायला येतो. त्याच्यासमोर मी विषय काढला. तो भला माणूस, म्हणाला, "या की उद्या सकाळी, हृदयाची पट्टी काढून बघू." तर तुझ्या बापाने त्यालाही काच दाखवली. डॉक्टर म्हणाला, "अहो, ही एक गोष्ट झाली, ती सहा वर्षांपूर्वीची. हृदयाला बाकीही कारणं असतात." हा म्हणाला, "पाव गरम आहेत, घेऊन जा डॉक्टर."

आता ऐक. मी चोरून खात नव्हते.

रक्त घ्यायला तुमची ती सुईवाली आली होती, आठवते? कोवळी पोरगी, पहिलाच महिना नोकरीचा. तू त्या दिवशी नव्हतीस. बसायला रिकामी जागा कुठेच नव्हती, म्हणून तिला पाव फुगायला ठेवतो त्या खोलीत बसवलं. तिथे कायम वाफ. तिने नळ्या ओळीने लावल्या, वर कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि बाकीच्यांचं घ्यायला भट्टीकडे गेली. परत येते तो चिठ्ठ्या गळून खाली. बाकीच्या तिने कशाबशा जुळवल्या, शेवटच्या दोन राहिल्या. मी आणि तुझा बाप, शेजारी शेजारी बसून दिलं होतं. ती रडायला आली. "आजी, यातली तुमची कोणती, त्यांची कोणती? मोठ्या बाईंना कळलं तर मला काढून टाकतील."

मला बघताक्षणी कळलं. दोन्ही नळ्यांत वरती पाणी सुटलं होतं. एकीतलं पिवळं, स्वच्छ. दुसरीतलं दूध ओतल्यासारखं. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं आणि तुझ्या बापाचा खिसा तुकड्यांनी भरलेला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. नुसत्या एका सकाळच्या खाण्याने तसं झालं की वर्षानुवर्षांच्या, ते मला तेव्हा कळत नव्हतं. पण तो पांढरा रंग मी बघितला आणि मला तुझे आजोबा दिसले.

मी पोरीला म्हटलं, "रडू नकोस. मला ठाऊक आहे." पिठाची खळ केली आणि चिठ्ठ्या माझ्या हातांनी चिकटवल्या. पांढरीवर माझी. स्वच्छ होती तिच्यावर त्याची.

का, ते विचारू नकोस. विचारशीलच. तुझा बाप आधीच म्हणाला होता, "माझ्या रक्तात वाईट निघालं तर त्या दिवशी हे तूप बंद." त्याच्या रक्तात वाईट निघालं असतं, तर ते मी घातलेलं निघालं असतं. आणि मग त्याच्या बापाच्याही. तेवढं ऐकायची माझी तयारी नव्हती. पोरीची नोकरी वाचवली असं मी स्वतःला सांगत आले. तेही खोटं नाही, पण त्याचा उपयोग मी फार केला.

आता काय करायचं ते सांग. लवकर.

तुझी आजी


१६ मार्च

पत्राला उत्तर पत्राने द्यायचं असतं. तू उठून सरळ बापाला फोन केलास. बरं केलंस, पण मला आधी कळवायचंस, मी निदान केस विंचरून बसले असते.

तिकडे तू काय बोललीस ते तुला माहीत. इकडे काय झालं ते लिहिते.

मी दुकानात खुर्चीवर होते. दोन गिऱ्हाइकं उभी. तो फोनवर "हो, हो" करत होता, मग त्याचा आवाज चढला, मग त्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"आई, ती परत सुरू झाली. नळ्या बदलल्या म्हणे. वर म्हणते, आजीनेच पत्र लिहिलंय. आता तूच सांग तिला एकदा काय ते, म्हणजे कायमचं मिटेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. सहा वर्षांपूर्वी बघत होते तसेच. मला एकच वाक्य बोलायचं होतं आणि ते मला तोंडपाठ होतं.

मी म्हटलं, "ती काच खाली घे."

"का?"

"घे म्हणते ना."

त्याने घेतली. फडक्याने पुसलीसुद्धा. मी म्हटलं, "हे माझं रक्त आहे."

तो हसला. "आई, तुझं रक्त म्हणजे मीच की!"

मी उठून आत गेले. कपाटातला कागद आणला आणि त्याच्या हातात दिला. "आणि हे तुझं."

त्याने वाचलं. लाल रेघेवरून बोट फिरवलं. बोटावर पीठ होतं, ते कागदावर लागलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "माझी बिस्किटं तेवढी..." काजळ्या आतून ओरडला, "थांबा हो जरा!"

"चिठ्ठ्या मी बदलल्या," मी म्हटलं. "पोरीची काही चूक नव्हती. दोन्ही पोरींची."

"सहा वर्षं?"

"हो."

"आणि मी ही काच दाखवून लोकांना..." त्याने काच गल्ल्यावर पालथी ठेवली. मग म्हणाला, "का?"

मी म्हटलं, "तूप मी आणलं होतं या घरात. तुझ्या बापाचं मन नव्हतं."

"ते मला माहीत आहे आई. बाबा सगळ्यांना सांगायचे, ही डबा घेऊन आली आणि आपलं नशीब उघडलं. मी दहा वर्षांचा असल्यापासून ऐकतोय. तुला कोणी काही म्हटलं होतं का त्यावरून? कधी?"

कोणी म्हटलं नव्हतं.

"एवढ्यासाठी?" तो म्हणाला.

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर पाठव.

त्याने कमरेचं फडकं सोडलं, गिऱ्हाइकाची बिस्किटं स्वतः बांधून दिली आणि काजळ्याला घेऊन डॉक्टरकडे गेला. काजळ्या तसाच, काळ्या तोंडाने. जाताना तुझ्या बापाने माझ्याकडे बघितलं नाही. पट्टी काढली तर डॉक्टरने त्याला घरी परत येऊच दिलं नाही, तिथूनच इस्पितळात. तुझी आई कपडे घेऊन गेलीय. मला कोणी चल म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तू नंतर आईला फोनवर सांगितलेलं आणखी एक ती मला बोलली. त्या नळ्यांवरून तुझ्या मोठ्या बाईंनी तेव्हा तुला दोष दिला, आपल्या बेकरीचं सगळं रक्त बाद केलं आणि ते काम तुझ्या हातून काढून घेतलं. चार वर्षं तू दुसऱ्यांच्या नळ्या धूत होतीस. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी बोलले असते का, असं विचारशील. मी स्वतःला विचारलं. उत्तर चांगलं आलं नाही.

सोबत वेगळा कागद आहे. तो मोठ्या बाईंना दे. त्यात काय झालं ते लिहिलंय, खाली सही आहे आणि अंगठाही उठवलाय, म्हणजे सहीवर शंका नको.

तुझी आजी


४ एप्रिल

इस्पितळातली खुर्ची बनवणाऱ्याला एकदा त्या खुर्चीत बसवलं पाहिजे. दोन दिवस मी तिथे काढलेत. तुझी आई दमली म्हणून मला बोलावलं, नाहीतर अजून बोलावलं नसतं.

हृदयाच्या तीन नसा अरुंद निघाल्या. दोन ठिकाणी जाळ्या बसवल्यात, त्यातली दुसरी परवाच; तिसरीला गोळ्या. डॉक्टरीण म्हणाली, "दोन महिने आणखी गेले असते तर सांगता आलं नसतं." मी तिला एकटं गाठून विचारलं, "हे तुपाने झालं का? खरं सांग." ती म्हणाली, "आजी, त्यानेही. वजन, वय, वडलांचा इतिहास, झोप नाही. एका माणसाचं, यानेच झालं असं बोट दाखवून सांगता येत नाही." तुझंच वाक्य. तुम्ही सगळे एकाच शाळेत शिकलात वाटतं.

त्या खुर्चीत मी यावर विचार केला. एवढी वर्षं मला वाटत होतं की एक दिवस कोणीतरी येऊन सांगणार, हो, तूच. किंवा, नाही, तू नव्हेस. आणि कोणी येत नाही. भट्टीचं दार नीट लागत नसेल तर प्रत्येक घाण्याचे पाव करपत नाहीत. काही करपतात. करपलेला पाव हातात घेतला तर तो दारामुळे की जास्त लाकडामुळे, काजळ्यालाही सांगता येणार नाही. पण दार नीट लावायचं असतं, हे सांगायला पाव हातात घ्यावा लागत नाही. तुझ्या आजोबांचं मला कधीच कळणार नाही. तुझ्या बापाचं रक्त मात्र नळीत होतं, मी ते बघितलं होतं, आणि त्याला दाखवलं नाही. तेवढं माझं. ते शंभरांत वाटता येत नाही.

तूप बदललंय. काजळ्याने दोन दिवस शिव्या देत नव्याचं प्रमाण बसवलं. बिस्किटं पसरतात, कडेने नरम पडतात. गल्ल्यावर तुझी आई असते, ती सगळ्यांना सांगते, "मालक आजारी, बिस्किटंही आजारी, आठ दिवस द्या." गिऱ्हाईक निम्मं झालंय. होईल परत. नाही झालं तर पाव आहेतच. मोडका माल आता घरी येत नाही, काजळ्या तो गिऱ्हाइकांपुढे चवीला ठेवतो. लोक चाखून तोंड वाकडं करतात, पण खरं सांगतात.

तुझा बाप माझ्याशी बोलत नव्हता. अठरा दिवस. या दोन दिवसांत औषध मी दिलं तर घ्यायचा, पाणी दिलं तर प्यायचा, बोलायचं ते भिंतीशी. मीही बोलले नाही. मागून मिळणारं बोलणं मला नको होतं.

काल दुपारी तो जागा झाला. नर्स रक्त घेऊन गेली होती. डोळे झाकून हात पुढे केला होता त्याने, पण केला होता. मग कापूस दाबून पडून राहिला, छताकडे बघत. आणि म्हणाला, "आई."

मी म्हटलं, "काय?"

"पोरीने स्वतःचं तपासलं का?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. तूही त्याच पत्र्यावर वाढलीस. शाळेतून आलीस की तुकड्यांच्या डब्यात हात. सतरा वर्षांची होऊन बाहेर पडलीस तोवर. सगळ्या जगाचं रक्त नळ्यांत घालून बघतेस. माझं बघितलंस, त्याचं बघितलंस. तुझं कोणी बघितलं?

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"तू काही सांगू नकोस मला," तो म्हणाला. "तू सांगितलेलं मी आता धरणार नाही."

बरोबर बोलला. मी ते ऐकून घेतलं.

तेव्हा तपासलं नसेल तर हे पत्र खाली ठेव आणि उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त दे. चिठ्ठी स्वतःच्या डोळ्यांसमोर लावून घे. तपासलं असेल तर जे निघालं ते लिही, बरं असो की वाईट. आणि उत्तर तू द्यायचंस. तुझ्या मोठ्या बाईंनी नाही, तुझ्या आईकडून निरोप नाही. मला तर नाहीच. पाकिटावर तुझ्या बापाचं नाव घाल आणि त्यालाच फोडू दे.